पन्नाशीनंतर व्यायाम टिकतो कशाने?

"पन्नाशी ओलांडली ओ मालक, मेटाबॉलिझमच मंदावला. आता काय केलं तरी वजन उतरत नाही." सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरून आलेली मंडळी चहाला थांबली की हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याचं वजन खरंच उतरत नसतं. फक्त त्याने सांगितलेलं कारण बरोबर नसतं. आणि एकदा दोष वयाचा ठरला की पुढे करण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून आधी हे कारण तपासू.

२०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पॉन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजणी त्यात एकत्र केली होती. सर्वांत लहान होतं आठ दिवसांचं बाळ, सर्वांत मोठी व्यक्ती ९५ वर्षांची. शरीराचा आकार आणि त्यातल्या स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जा जाळण्याचा वेग, म्हणजेच मेटाबॉलिझम, जवळपास सारखाच राहतो, असं दिसलं. बायकांमध्ये पाळी थांबण्याच्या वयातही वेगळी घसरण आढळली नाही. साठीनंतर वेग उतरतो, तोही वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने.

मग चाळिशी-पन्नाशीत पोट आलं कुठून? आपलं हिंडणं-फिरणं कमी होतं आणि ताटातलं कमी होत नाही, हे एक. नवी पेठेतल्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस पंचविशीत सायकलवर होता, आता कोपऱ्यावर जायलाही स्कूटर काढतो. झोप तुटक होते, आणि अपुरी झोप भूक वाढवते. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर चरबीची जागा बदलते, मांड्या-नितंबांऐवजी ती पोटावर साठू लागते. म्हणून वजन फारसं न वाढताही ब्लाउज घट्ट होतो.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट चालू असते, ती दिसत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर जाते. स्नायू गेले, तिथे चरबी आली, की काट्यावरचा आकडा तोच राहतो. आपल्या लोकांमध्ये हे जास्तच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही दिसायला सडपातळ. याचमुळे भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणून २३ ठेवली आहे, आणि कमरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर अशी वेगळी रेघ आखली आहे. शिंप्याकडची टेप वजनकाट्यापेक्षा जास्त खरं सांगते, ती यामुळे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. माणसं व्यायाम सुरू करतात आणि सोडतात. हुतात्मा बाग असो, पार्क मैदान असो की विजापूर रोडवरचा संभाजी तलाव, जानेवारीतली गर्दी मार्चमध्ये नसते. याला आपण 'इच्छाशक्ती कमी पडली' म्हणतो. मला हे निदान पटत नाही. ज्यांनी चाळीस वर्षं नोकरीची वेळ चुकवली नाही, मुलांची शिक्षणं केली, कर्ज फेडलं, त्यांची इच्छाशक्ती नेमकी चालण्याच्या बाबतीतच संपते, हे कसं? बहुतेकांच्या बाबतीत मोजमाप चुकलेलं असतं. न हलणाऱ्या आकड्याकडे रोज बघत कुणाचाही हुरूप जाईल.

थोडा हिशेब करून बघू. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की ढोबळमानाने ५० कॅलरी खर्च होतात. रोज पाच किलोमीटर म्हणजे २५०. घरी येऊन नाश्त्याबरोबर शेंगांची चटणी जरा सढळ हाताने घेतली, तर ४५ ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढ्या कॅलरी परत आल्या, चटणीवरचं तेल अजून धरलेलंच नाही. समजा, खाणं काटेकोरपणे होतं तेवढंच ठेवलं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे महिनाभर एकही दिवस न चुकवता पाच किलोमीटर चालल्यावर जेमतेम एक किलो उतरणार. आणि शरीरातलं पाणी, आदल्या रात्रीचं मीठ, पोट साफ होणं-न होणं यांनीच आपलं वजन दिवसागणिक एक-दोन किलो इकडेतिकडे होत असतं. महिन्याच्या मेहनतीचं फळ या चढउतारात बुडून जातं. एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर सकाळी काटा दीड किलो वर गेलेला दिसतो आणि माणूस म्हणतो, "जाऊ द्या, काही उपयोग नाही." उपयोग झालेला असतो. काट्याला तो सांगता येत नाही. ज्वारी आणि शेंगा एकाच पोत्यात भरून तोलल्या, तर कुठलं धान्य वाढलं आणि कुठलं घटलं हे वजनावरून कसं कळणार? काटा चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं एकत्र तोलतो.

शरीर स्वतःही आडवं येतं. वजन उतरू लागलं की भूक वाढते आणि खर्च थोडा आवरता घेतला जातो, उपासमारीच्या काळासाठी घडलेलं शरीर आहे ते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर काटा अडकतो. हा टप्पा जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतो, पण आधी कुणी सांगत नाही, म्हणून तो आपलाच पराभव वाटतो.

आता याच्या उलट बाजूचा पुरावा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीचा साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांत बदल करायला लावलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काट्याच्या भाषेत ते सगळे नापास. अमेरिकेतल्या अशाच, पण मोठ्या अभ्यासात (२००२) उद्दिष्ट होतं फक्त ७ टक्के वजन कमी करायचं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने पाच किलो, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. मधुमेहाचं प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत ते ७१ टक्क्यांनी घटलं. म्हातारे लोक तरुणांपेक्षा पुढे निघाले!

म्हणून वजन मोजूच नका, असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. बाकीचे दिवस हलणारं काहीतरी मोजा.

सर्वांत सोपी मोजणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण १७ इंच उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हाताची घडी छातीवर. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. सोबत कुणीतरी असू द्या. वृद्धांचे तोल जाऊन पडण्याचे प्रकार कमी व्हावेत म्हणून अमेरिकेतले डॉक्टर हीच चाचणी वापरतात. त्यांच्या कोष्टकाप्रमाणे साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजायची. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयासाठी हेच आकडे १२ आणि १०. मला ही चाचणी आवडते ती कोष्टकासाठी नाही. आज नऊ जमले, तर दीड-दोन महिन्यांनी बारा जमण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि हा फरक बसमध्ये चढताना, बाथरूममधून उठताना, नातवाला कडेवर घेताना जाणवतो.

दीड-दोन महिन्यांत एवढा फरक पडतो कसा, स्नायू इतक्या लवकर वाढतात का? नाही वाढत. सुरुवातीच्या आठवड्यांत मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू सुधारतात. मांडीत जे स्नायूतंतू आहेत, त्यांतले बरेच वापराविना झोपलेले असतात. वजन उचलण्याचा सराव झाला की मेंदूचा आदेश जास्त तंतूंपर्यंत, जास्त जोराने पोचतो. आकार नंतर वाढतो. ही सुधारणा कुठल्याही वयात होते, याचा माझ्या आवडीचा दाखला १९९० चा आहे. अमेरिकेतल्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांकडून मारिया फियातारोन यांनी मांडीचे जोराचे व्यायाम करून घेतले, आठवड्याला तीनदा. आठ आठवड्यांनी, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. दोघांनी काठी सोडली. नव्वदीत! 'आता या वयात काय' असं साठीत म्हणणाऱ्याने हा अभ्यास ऐकायलाच हवा.

नुसतं चालणं पुरत नाही, ते यामुळे. आपल्याकडे व्यायाम म्हणजे 'मॉर्निंग वॉक' एवढंच समीकरण झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं किंवा तत्सम काही, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीपुढच्यांनी किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे. मध्यम वेग म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. ताकदीसाठी जिमच पाहिजे असं नाही. खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतर. सोलापुरात टॉवेलची तर कमतरता नाही: जाड टॉवेलची दोन टोकं धरून बाहेरच्या बाजूला ताणून दहा सेकंद धरणं, हाही खांद्या-पाठीचा चांगला व्यायाम आहे. फक्त ताणताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाब एकदम चढतो.

दहा हजार पावलांचं ओझंही इथेच उतरवून टाका. तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात (२०१९) रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण साडेसात हजारांपुढे आणखी फायदा दिसला नाही. आकडा गाठता येण्यासारखा असला की माणूस उद्याही येतो.

मन असं का वागतं, हेही थोडं बघू. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर अनेक दशकं काम केलं. त्यांच्या मांडणीप्रमाणे कुठलंही काम मनापासून चालू राहायला तीन गोष्टी लागतात: ते मी निवडलेलं असावं, मला ते जमतंय असं दिसावं, आणि त्यात माझी माणसं असावीत. डॉक्टरांनी दम दिला म्हणून चालणाऱ्याकडे पहिली गोष्ट नसते. काट्याकडे बघत बसणाऱ्याकडे दुसरी नसते. एकट्याने ट्रेडमिलवर, भिंतीकडे तोंड करून चालणाऱ्याकडे तिसरी नसते. तिन्ही नसताना कुणी टिकला, तर त्याला नमस्कारच करावा.

वयाचा यात एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलं, की पुढे काळ कमी उरलाय ही जाणीव झाली की माणसं दूरच्या, नाव कमावण्याच्या उद्दिष्टांकडून जवळच्या, भावनेला अर्थ देणाऱ्या गोष्टींकडे वळतात. पंचविशीतला पोरगा आरशासाठी व्यायाम करतो, आणि आरसा त्याला लगेच बक्षीस देतो. साठीतल्या माणसाला तीच आरशाची भाषा ऐकवली, 'पोट कमी करा, तरुण दिसा', तर ती त्याच्या आत कुठे लागतच नाही. 'पंढरपूरला दिंडीत निदान वाखरीपासून तरी चालायचंय', 'सुनेच्या बाळंतपणात मला खाली बसून बाळाला न्हाऊ घालता आलं पाहिजे', 'तुळजापूरला पायऱ्या उतरून स्वतः दर्शन घ्यायचंय', ही वाक्यं लागतात. तुमचं वाक्य कुठलं, ते शोधण्यात एक संध्याकाळ घातली तरी चालेल. आहाराचा तक्ता त्यानंतर.

सोबतीचं महत्त्व सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठी तोलत, बाराबंदी घालून, अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर चालायचं म्हणजे खांदा, कंबर, पाय सगळं तयार लागतं, म्हणून यात्रेआधी त्याचा सराव चालतो. तिथे कुणी 'आज मूड नाही' म्हणत नाही. दिवस ठरलेला असतो, आपली जागा ठरलेली असते, आणि आपण गेलो नाही तर दुसऱ्याच्या खांद्यावर भार येतो. प्रेरणेची सगळी पुस्तकं जे सांगतात ते इथे आपोआप जमून आलेलं असतं. एकच उणीव: यात्रा झाली की प्रसंग संपतो. नेहमीच्या व्यायामाला यात्रा नाही, म्हणून तिथे आपली वाट बघणारी माणसं आपणच नेमून घ्यावी लागतात. चार जणांचा गट, आणि नियम एवढाच, की जो येणार नाही त्याने आदल्या रात्री कळवायचं. न येण्याला थोडी खटपट पडली पाहिजे.

'उद्यापासून नक्की' या वाक्यावरही उपाय आहे आणि तो आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी सुचवला: कधी, कुठे आणि कशाच्या मागोमाग, हे आधीच ठरवून लिहून ठेवायचं. 'रोज व्यायाम करीन' असं नाही, तर 'सकाळचा चहा झाला की कप विसळून मी चपला घालीन आणि चौकापर्यंत जाऊन येईन' असं. २००२ च्या एका ब्रिटिश प्रयोगात असं लिहून दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी ठरलेला व्यायाम केला. ज्यांना फक्त व्यायामाचे फायदे समजावले, त्यांच्यातल्या दहापैकी चारांनीही केला नाही. फायदे सगळ्यांना पाठ असतात, अडतं ते चपलेपाशी.

सवय लागायला २१ दिवस, हे व्हॉट्सॲपवरचं गणितही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज आला. व्यायामाची सवय पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा उशिरा लागते. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोलाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात काही फरक पडला नाही. 'खाडा पडला, मोडलं सगळं' ही आपली समजूत उपवासाच्या हिशेबातून आलेली असावी. व्यायामाला ती लागू नाही.

खाडे सोलापुरात पडणारच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. सकाळी साडेसातलाच ऊन अंगावर येतं. वय वाढलं की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी कमी होतं. या दिवसांत हट्टाने बाहेर चालण्यात शहाणपण नाही. उन्हाळ्याचा कार्यक्रम फेब्रुवारीतच वेगळा ठरवून ठेवा: पहाटे उजाडता उजाडता वीस मिनिटं, नाहीतर घरात पंख्याखाली खुर्ची-टॉवेल-भिंत, आणि रात्री जेवणानंतर गल्लीत शतपावली. शतपावलीला आता मोजमापाचाही आधार आहे. साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या दहा लोकांवरच्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात (२०१३) प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर आटोक्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर खाली आणण्यात तर ते सलग पाऊण तास चालण्यापेक्षा सरस ठरलं. लोक थोडेच होते, पण याला खर्च नाही, कपडे बदलावे लागत नाहीत आणि दोघांना बोलायला वेळ मिळतो.

"आम्ही यंत्रमागावर बारा-बारा तास उभे असतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" हा प्रश्न शहराच्या पूर्व भागात कुणीही विचारेल, आणि रास्त आहे. विड्या वळणाऱ्या बाईचंही तेच: दिवसभर मान खाली, बोटं चालू, वर घरकाम. दमणं खरं आहे, पण कष्टाचं काम तेच तेच स्नायू, त्याच पद्धतीने, विश्रांतीशिवाय वापरतं. हृदयाचा ठोका वाढून पुन्हा खाली येणं, सांधे पूर्ण फिरणं, ताकद हळूहळू वाढणं हे त्यातून होत नाही. अशा माणसाला 'तासभर चाला' म्हणणं ही थट्टा आहे. दिवसातून तीनदा, दहा-दहा उठ-बस आणि खांदे-मानेचे ताण, एवढ्यावर सुरुवात पुरे. बायकांच्या बाबतीत मोठी अडचण वेळेची नसते, परवानगीची असते. घरातल्या सगळ्यांचे डबे होईपर्यंत आपला व्यायाम म्हणजे चैन, असं त्यांनीच मनाशी धरलेलं असतं. मुलाने "आई, तू चालायला जात जा" असं सांगून फार काही होत नाही. "आई, चहा मी ठेवतो, तू ये जाऊन" म्हटल्यावर ती जाते.

गुडघ्यांचं भय अनेकांना घरी बसवतं. बसून गुडघा आणखी आखडतो, कारण त्याला धरून ठेवणारी मांडी बारीक होते. आणि इथे थोडंसं वजनही कामी येतं: गुडघ्याची झीज असलेल्या जाड लोकांच्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झाल्याचं दिसलं. दोन किलो उतरले, तर पावलागणिक आठ किलो. काट्यावर नगण्य वाटलेला आकडा गुडघ्याला असा कळतो.

खाण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, त्यावर सल्ल्यांची कमतरता नाही. ज्वारीची भाकरी सोडून ओट्सच्या मागे लागण्याचं कारण नाही, मंगळवेढ्याची ज्वारी चांगलीच आहे. प्रश्न भाकरीच्या संख्येचा आणि सोबतच्या गोष्टींचा. वय वाढलं की स्नायू टिकवायला प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम धरा. अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात आठाच्या आसपास, वाटीभर घट्ट डाळीत सात-आठ. आपल्या घरांतल्या वयस्कर बायकांच्या ताटात नेमकं हेच सगळ्यांत कमी असतं, कारण डाळ तळाशी उरेल तेवढी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची. शेंगांची चटणी सोडा असं सोलापुरात राहून सांगण्याचं धाडस माझ्यात नाही. चमच्याने मोजून घ्या आणि वरचं तेल निम्मं करा.

हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चौकशी आपल्याकडेही होते. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही ती औषधं. त्यांनी वजन उतरतं, पण उतरलेल्या वजनात स्नायूही असतात, आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. पन्नाशीपुढच्याने ती घेतली, तरी खुर्चीतली उठ-बस चुकत नाही.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारावं? हृदयविकार, चालताना छातीत दाब किंवा वेगळीच धाप, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर त्यांनी. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही, आणि चालायला जाताना खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असावं. पायाला बधिरपणा असेल, तर अनवाणी किंवा चपलेवर न चालता बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे बघावेत.

आणि मोठा खंड पडलाच, डेंगी झाला, घरात लग्न निघालं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर परतताना जिथे सोडलं होतं तिथून धरू नका. निम्म्यापासून धरा. पूर्वी वीस उठ-बस होत असतील तर दहा, अर्धा तास चालणं असेल तर पंधरा मिनिटं, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं. एकदा कमावलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते. खुर्चीची मोजणी मात्र परतल्याच्या पहिल्याच दिवशी करून कॅलेंडरवर लिहून ठेवा, तो आकडा कितीही खाली आलेला असला तरी. पुढच्या महिन्यात तुलना करायला तोच लागणार आहे.